जिथून परतीचा माल नाही

पळस्प्याच्या फाट्याजवळ गाड्या वाहून नेणाऱ्यांचं एक ऑफिस आहे. पत्र्याचं छप्पर, आत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि स्पंज बाहेर आलेला सोफा. बाहेर सर्व्हिस रोडवर त्यांचे दोन मजली ट्रेलर उभे असतात. एका ट्रेलरात सहा-सात गाड्या चढवून देशभर पोचवतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्या सोफ्यावर रोज जाऊन बसत होते. टेबलामागच्या माणसाला मी नको होते आणि मलाही तो नको होता. पण माझी गाडी त्याच्या ताब्यात होती.

गाडी तशी माझी नाही, माझ्या मुलीची. ती सरकारी बँकेत आहे. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. सपाट जमिनीवर ती कुबड्यांनी चालते, पण पायरी जरा उंच असली की तिथेच थांबते. लहानपणी मी तिला कडेवर शाळेत नेत असे. अकरा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस वर्गातल्या कुणीतरी हसलं. घरी येऊन ती म्हणाली, आजपासून मला कुणी उचलायचं नाही. त्या दिवसापासून तिला कुणी उचललेलं नाही. शाळेच्या पायऱ्या ती बसून, हातांनी सरकत चढली. मी खाली उभी राहून बघत असे. मदत केली असती तर तिने मला चावलं असतं.

नोकरी लागल्यावर तिने पगारातून गाडी घेतली आणि पुण्याच्या एका गॅरेजवाल्याकडून स्टिअरिंगच्या खाली लोखंडी दांडा बसवून घेतला. दांडा ओढला की गाडी पळते, ढकलला की थांबते. पायांची गरज नाही. आरटीओने पास केलेली गाडी आहे. ती गाडी म्हणजेच तिचे पाय, असं लोक म्हणतात. मला असलं बोलणं आवडत नाही. गाडी ही गाडी आहे, पण तिच्याशिवाय मुलीचं चालत नाही, एवढं खरं.

बँकेने तिला बढती देऊ केली. अट अशी की तीन वर्षं लांब जायचं. अपंग माणसाला घराजवळ ठेवायचा नियम आहे, पण बढतीसाठी तिने तो हक्क स्वतःच्या सहीने सोडून दिला.

मी म्हटलं, "बाय, तू येडी हायस का?"

"आई, माझ्या मागून लागलेले साहेब झाले. मी काय जन्मभर पासबुकं छापत बसू?"

"बस की. पगार मिळतो ना?"

"तू चौथीत शाळा सोडलीस, म्हणून मीही कुठेतरी सोडायचं का?"

मी दोन दिवस तिच्याशी बोललेच नाही.

जागा मिळाली ती गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंचा तालुक्यात. नदी ओलांडली की तेलंगणा. राहायला खोली सिरोंच्यात आणि बँकेची शाखा तिथून वीसेक किलोमीटरवरच्या खेड्यात. हजर व्हायची तारीख ठरलेली होती, म्हणून ती नागपूरपर्यंत विमानाने आणि पुढे भाड्याच्या गाडीने गेली. तिची गाडी मागून पाठवायची होती. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

माझा धाकटा दीर जन्मभर डंपर चालवत होता. तो म्हणाला, "वयनी, मी नेतो चालवत. दोन दिवसांत पोचवतो."

"तुझ्या डोल्यात मोतीबिंदू हाय. तू स्वतः पोच आधी."

शिवाय मुलीने बजावून ठेवलं होतं की चालवत कुणी न्यायची नाही. दांड्याच्या सळ्या खाली पायाच्या ब्रेकला जोडलेल्या आहेत. लांबच्या रस्त्यावर बुटांचा धक्का लागून जोड सैल झाला तर तिकडे तो दुरुस्त करणारा कुणी नाही. म्हणून मी पळस्प्याला गेले.

टेबलामागच्या माणसाने विचारलं, "कुठे पाठवायची, आज्जी?"

"सिरोंचा."

त्याने कॉम्प्युटरवर टकटक केलं. मग पुन्हा केलं. "यादीत नाही. नागपूर टाकू?"

"नागपूरला माझं कोन हाय?"

त्याने कुठेतरी फोन केला आणि भाव सांगितला. नागपूरपर्यंत जेवढे पैसे, तेवढेच पुन्हा नागपूरपासून सिरोंच्यापर्यंत. नागपूर इथून साडेआठशे किलोमीटर आणि पुढचा तुकडा त्याच्या निम्मासुद्धा नाही. एवढा हिशेब मला येतो.

"हे किलोमीटरवर नसतं, आज्जी."

"मग कशावर असतं? तुझ्या मर्जीवर?"

"लोकेशनवर असतं."

हा शब्द त्याने मला नंतर इतक्या वेळा ऐकवला की कुत्र्याला हाड फेकावं तसा फेकतोय असं वाटायला लागलं. गाडी दारातून नेणार का, असं विचारलं तेव्हाही तोच शब्द. ट्रेलर आमच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून गाडी आम्हीच फाट्यावर आणून द्यायची. पूर्वी आमच्या दारात चार बैलगाड्या उभ्या राहत. सभोवतीच्या शेतांवर इमारती उठल्या आणि गाव मधल्या भेगेत अडकलं. त्या इमारतींना चाळीस फुटी रस्ता आणि आम्हाला गल्ली.

"किती दिवस लागतील?"

"आठ-दहा."

"आठ का धा? नीट सांग."

"आठ धरा."

मी आठ धरले. माझी चूक तिथेच झाली.

समोरच्या इमारतीत कुठल्याशा कंपनीतला एक साहेब राहतो. आम्हाला भेटला की वासरू बघितल्यासारखा हसतो. त्याला कुणाकडून तरी कळलं.

"काकू, माझी गाडी बेंगलोरला पाठवली ना, चौथ्या दिवशी पोचली. दारातून उचलली, दारात सोडली. ऑनलाइन बुक करायचं. तुम्ही फार दिलेत."

बेंगलोर नागपूरपेक्षाही लांब आहे. त्याला माझ्याहून कमी पैसे पडले, दिवसही कमी लागले, वर तो मलाच शहाणपण शिकवून गेला.

याचं खरं कारण मला ट्रेलरच्या ड्रायव्हरने सांगितलं. गाडी चढवायच्या दिवशी तो टपरीवर चहा पीत उभा होता. हरियाणाकडचा म्हातारा माणूस, खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं. मी विचारलं, बेंगलोर स्वस्त आणि सिरोंचा महाग, असं का?

"माताजी, बेंगलोर से वापसी में गाडी भर के आती है. आप के उस गाँव से मैं क्या भर के लाऊँगा? तेंदू पत्ता?"

एवढंच आहे ते. ट्रेलर जाताना भरलेला आणि येतानाही भरलेला, तर भाडं दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांत वाटलं जातं. येताना रिकामा, तर रिकाम्या रस्त्याचे पैसेही तुमच्याकडून. आणि सिरोंच्यासारख्या ठिकाणी एका गाडीसाठी कुणी जातच नाही. त्या बाजूची आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं जमेपर्यंत गाडी नागपूरच्या आवारात पडून राहते. आमचं पनवेल पुणे, गोवा, मुंबई आणि बंदर अशा चारी रस्त्यांच्या तोंडाशी आहे म्हणून लोक छाती फुगवतात. निघायची जागा कितीही चांगली असली तरी काय? ज्या गावाहून परत आणायला काही नाही, ते गाव लांबच. टेबलामागच्या माणसाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने लोकेशन, लोकेशन केलं.

आता बोंबलाचं सांगते.

आमच्यात लेकीकडे जाणारी गाडी रिकामी जात नाही. माणूस जावो, टेम्पो जावो, नाहीतर नुसती पिशवी जावो, तिच्यात सुकी मासळी असते. सिरोंच्याला नदीचे मासे मिळतात असं मुलगी म्हणाली होती. नदीच्या माशाला मी मासा म्हणत नाही. मी आदल्या दिवशी मोऱ्याच्या बंदरावर जाऊन ओळखीच्या बाईकडून दोन किलो बोंबील, एक किलो जवळा आणि थोड्या वाकट्या आणल्या.

ती बाई म्हणाली, "आज नको नेऊस. बोंबलांना अजून दोन उन्हं पायजेत. आतून ओले हायत."

"गाडी उद्याच जाते. आठ दिवसांत पोचतील. ती तिकडं वाळवील."

"मग झाकून नको ठेवू."

झाकल्याशिवाय कसे ठेवणार? ऑफिसातल्या माणसाने आधीच सांगितलं होतं की गाडीत सामान ठेवायचं नाही. एका इंग्रजी कागदावर माझी सहीही घेतली होती. म्हणून मी डिकीतलं जाजम उचललं, जादा चाकाच्या खळग्यात पिशव्या दाबल्या आणि वर जाजम पसरलं. दिराने गाडी फाट्यावर नेली. मी त्याला पायातल्या चपला काढायला लावल्या. टेबलवाल्याने डिकी उघडून बघितली, रिकामी दिसली, आणि गाडी वर चढली.

चौथ्या दिवशी गाडी नागपूरला पोचली. मी म्हटलं, चला, माणूस खरं बोलला. मग पाचवा, सहावा, आठवा दिवस गेला. गाडी नागपूरलाच.

नवव्या दिवशी मी पहिल्यांदा सोफ्यावर जाऊन बसले.

"आज्जी, त्या बाजूचं लोडिंग नाही."

"तू आठ सांगितलेस."

"अंदाज असतो तो."

"भाडं घेताना अंदाज नव्हता."

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. तोवर ती रोज बरी आहे, एवढंच सांगायची. बँकेत कशी जातेस, असं मी विचारलं की बोलणं बदलायची. त्या दिवशी बदललं नाही.

"जीपने जाते. भाड्याची गाडी इथे रोज मिळत नाही. जीपची पायरी उंच आहे. ड्रायव्हर आणि आणखी एक जण उचलून ठेवतात."

"रोज?" मी विचारलं.

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पोतं ठेवतात तसं. त्यांची काही चूक नाही. भली माणसं आहेत. बायका सरकून जागा देतात. आई, मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. महिना संपेपर्यंत वाट बघणार, मग देणार आणि घरी येणार."

महिना संपायला चौदा दिवस होते. राजीनामा देऊन आलीस तर दार उघडणार नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. मी म्हटलं, "गाडी येते." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज दहा वाजता जाऊन बसायला लागले. डबा घेऊन जात असे. तो माणूस गिऱ्हाइकाला सांगायचा, सात दिवसांत पोचवतो. मी सोफ्यावरून म्हणायची, "माजी गेली नाय." दोन गिऱ्हाइकं उठून गेली. त्याने पंखा माझ्यावरून काढून स्वतःकडे वळवला. मी उठून परत फिरवला.

"आज्जी, इथे बसून गाडी पुढे जाणार आहे का?"

"घरी बसून जाईल काय?"

"मी इथून काही करू शकत नाही. नागपूरच्या हातात आहे."

"मग नागपूरचा नंबर दे."

"आम्ही देत नाही."

नंबर त्याने दिला नाही. पण एकोणिसाव्या दिवशी नागपूरनेच मला फोन केला. मी तेव्हा सोफ्यावरच होते.

"बाई, तुमच्या गाडीत काय मरून राहिलं?" पलीकडचा माणूस आधीच तापलेला होता. "उंदीर शोधून शोधून थकलो आम्ही. टपावर चार-चार मांजरं बसून राहतात दिवसभर. इथं चव्वेचाळीस डिग्री ऊन आहे आणि वास असा का नाक फाटते. बाजूला शोरूमच्या नव्या गाड्या उभ्या आहेत. त्या लोकाइनं आमच्यावर बोंब मारली ना!"

तेव्हा मला मोऱ्याची बाई आठवली. बोंबील आतून ओले होते. बंद गाडीत, त्या उन्हात, ते पंधरा दिवस शिजत होते.

मी म्हटलं, "सुकी मासळी हाय. चाकाच्या खळग्यात."

"काहून ठेवली? सामान ठेवायचं नाही म्हणून सही केली ना तुम्ही?"

"तुमच्या मानसाने आठ दिवस सांगितलेले. आठ दिवस ती मासळी टिकते. एकोनीस दिवस टिकत नाय. चूक मासळीची नाय."

"मी फेकून देतो आता. आणि गाडी धुवायचे पैसे लावतो."

"फेक."

बहुतेक मी रडेन असं त्याला वाटलं असावं.

"फेक," मी म्हटलं, "आनि मग दुसरी पिशवी शोध."

"दुसरी कोणती?"

"आत हाय एक. चाकात नाय. कुठं ते मी गाडी सिरोंच्यात उभी राह्यल्यावर सांगीन."

दुसरी पिशवी नव्हती. मी ते तिथल्या तिथे रचलं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, पण इतकं उपयोगाचं कधी बोलले नव्हते.

"बाई, मी सारी गाडी खोलीन."

"खोल. पन आत एक दांडा हाय, माजी पोरगी अपंग हाय, तिच्यासाठी बसवलेला. सरकारने पास केलाय. त्याचा एक स्क्रू जरी हलला तरी मी नागपूरला येऊन तुमच्या ऑफिसात बसनार. मी कशी बसते ते पलस्प्याच्या मानसाला विचार. हा इथंच हाय."

आणि मी फोन टेबलावर ठेवला. टेबलवाल्याने तो कानाला लावला, थोडा वेळ नुसतं ऐकलं, मग म्हणाला, "खरं सांगू का? गाडी पाठवून टाका. ही बाई उठत नाही. माझं गिऱ्हाईक तोडलं हिने. हो, एकटीच गाडी पाठवा. नाही, मला नका विचारू पिशवी कुठे आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी निघाली. एकच गाडी वाहून नेणारा छोटा ट्रक असतो, तो त्यांच्याकडे होता. आवारातच उभा होता. म्हणजे इतके दिवस गाडी जाऊ शकत होती. माझी मुलगी रोज दोनदा उचलली जात होती, ते त्यांना कारण वाटलं नाही. त्यांना वास कारण वाटला. यावर कुणी मला समजुतीचं काही सांगायला येऊ नये.

सिरोंच्याचा शेवटचा रस्ता वाईट आहे, ट्रकला पूर्ण दिवस लागला. महिना संपायला दोन दिवस राहिले असताना, संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती ओरडतच होती.

"आई! काय भरलं होतंस तू गाडीत?"

"बोंबील."

"सगळ्या गाडीला तेल सुटलंय. जाजम फेकावं लागलं. आणि गाडी उतरवल्यावरही तो ट्रकवाला जाईना. नागपूरहून त्याला सांगितलंय की दुसरी पिशवी सापडली की कळव. सीटखाली हात घालून घालून बिचाऱ्याने हात खरचटून घेतला. कुठे ठेवलीस ती?"

"दुसरी पिशवी नाय."

"म्हणजे?"

"नव्हतीच."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. "त्याला शंभर रुपये देऊन पाठवलं मी," ती म्हणाली. "तुझ्यामुळे."

"दांडा?"

"दांडा ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी मी पळस्प्याला गेले नाही. दीर सांगत होता की टेबलवाल्याने माझ्याबद्दल विचारलं. काळजीने नव्हे. मी पुन्हा येणार आहे का, हे त्याला पक्कं करून हवं होतं. सोफा त्याने फेकून दिला म्हणे. गिऱ्हाइकाला आता उभं राहावं लागतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः मुलीला फोन लावला. बँक सुटायची वेळ होती.

"आज कशाने गेलीस?"

"कशाने म्हणजे? गाडीने. चारी खिडक्या उघड्या टाकून. तोंडात सगळी धूळ गेली."

"पर्समधला कागद?"

"फाडला."

"उचललं का कुनी?"

"कोण उचलणार?" ती चिडून म्हणाली. "माझ्या जवळ तरी येतंय का कुणी? शिपाई लांबून चहा ठेवून जातो."

"बरं झालं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.